सोळा जणींचा नकाशा

नकाशाखोलीतली मुख्य आरेखकाची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा रेघताईच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. त्यामुळे ती खुर्ची आपल्याला मिळेल अशी आशा तिनं धरली नव्हती. पाच महिन्यांच्या पाहुण्याला कोण खुर्ची देतं? पण ती पेन्सिलला मिळावी, असं मात्र तिला मनापासून वाटत होतं.

पेन्सिल म्हणजे शेजारच्या टेबलावरची, चाळिशीला टेकलेली आरेखक. अंगानं काटकुळी आणि कानावर कायम पेन्सिल अडकवलेली. संगणकावर काम करायला लागून बारा वर्षं झाली, तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नव्हती. सबंध शहराखालचे नळ तिला तोंडपाठ. कुठल्या चौकात कुठला वॉल्व्ह आहे, कुठल्या गल्लीत जुना नळ नव्याच्या पोटाखालून गेलाय, हे ती नकाशा न उघडता सांगायची.

अडचण एकच होती. या खुर्चीसाठी बारा वर्षांची सलग सेवा लागायची. पेन्सिलला लागून सतरा वर्षं झाली होती, पण मधली तीन वर्षं ती मुलीच्या आजारपणामुळे बिनपगारी रजेवर होती. त्या रजेची नोंद ‘सेवेत खंड’ अशी झाली होती, आणि खंडानंतरची वर्षं भरत होती जेमतेम नऊ. आस्थापना शाखेतल्या फाईलकाकांनी तिची सेवापुस्तिका उघडून त्या पानावर बोट ठेवलं आणि हळहळत म्हणाले, “खंड आहे, बाई. मी काय करू? मी केला का खंड?”

“साहेबांना माफ करता येतो ना?” रेघताईनं विचारलं.

“येतो की. पण सबळ कारण लागतं, आणि कारणाला कागद लागतो. पोरगी आजारी होती, हे झालं घरचं कारण. कचेरीचं कुठंय?”

हेच वाक्य रेघताईनं अठरा वर्षांपूर्वी याच टेबलासमोर उभं राहून ऐकलं होतं. माणूस दुसरा होता, चष्मा दुसरा होता. वाक्य तेच.

रेघताई हे नाव तिला नकाशाखोलीच्या मास्तरांनी दिलं होतं, आणि तेही काही कौतुकानं नव्हे. एकविसाव्या वर्षी ती पाणीपुरवठ्याच्या या कचेरीत ट्रेसर म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी मास्तरांनी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “रेघा मार.” किती, कशाच्या, कशाला, काही नाही. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेघा मारत बसली. सुट्टीत मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “सातवी वाकडी आहे. उद्या पुन्हा.” असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मास्तर काहीच बोलले नाहीत, फक्त शाईची दौत तिच्याकडे सरकवली. खोलीतले बाकीचे सात जण माना वर करून बघायला लागले, तेव्हा तिला कळलं की आपण पास झालो.

ती खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, उजेड चांगला मिळावा म्हणून. आठ उतरती टेबलं, आठ उंच स्टुलं. इंजिनिअर लोक पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्यावर पारदर्शक कापड अंथरून तोच नकाशा शाईनं उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. आधी कापडावर खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई नीट धरते. लांब रेघ ओढताना श्वास रोखायचा. शाई फुटलीच तर ब्लेडच्या कोपऱ्यानं इतकं हळू खरवडायचं, की कापडाला कळू नये. शेजारच्या खोलीत छापे निघत, त्यांच्या उग्र वासानं नवख्याच्या डोळ्यांना धारा लागायच्या. रेघताई घरी गेली की नवरा म्हणायचा, “आलीस? नाकानंच ओळखलं.” पुढे तो वास गेला, कापड गेलं, दौती गेल्या. संगणक आले. ती तेही शिकली. पण अजूनही एखादी लांब रेघ माउसनं ओढताना ती नकळत श्वास रोखायची, आणि पेन्सिल हळूच म्हणायची, “ताई, सोडा. इथं फुटत नाही शाई.”

मास्तरांचे नियम दोनच. पहिला : मुळात नाही ते उमटवायचं नाही. इंजिनिअरनं चूक केली असेल तर चूकच उतरवायची. ट्रेसरनं शहाणपणा करायचा नाही. दुसरा नियम ते क्वचित सांगायचे. मूळच संशयास्पद वाटलं, तर खुर्चीत बसून तर्क करायचा नाही. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं.

नोकरीला नऊ वर्षं झाली आणि सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. घरात धाकटी दोन मुलं, नवऱ्याची फिरतीची नोकरी. रेघताईनं बिनपगारी रजा टाकली. सहा महिन्यांची म्हणता म्हणता ती सहा वर्षांची झाली. पहिल्याच महिन्यात एका रविवारी मास्तर सायकलवरून दारात आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुंडाळी.

“बघायला आलो होतो आजींना,” ते म्हणाले. आजींना बघून झालं, चहा झाला, तरी उठेनात. मग गुंडाळीकडे बघत म्हणाले, “दुसऱ्या शाखेतून बदलून आलेल्या पोराचं अक्षर बघवत नाही मला. आठाचा आकडा काढतो की भोपळा, कळत नाही. तुला वेळ असेल तर बघ. नसेल तर राहू दे.”

वेळ कुठला असायला. पण सासूबाईंचा दुपारी डोळा लागला की जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून ती कापड अंथरायची. सासूबाई जाग्या झाल्या की आतून आवाज द्यायच्या, “झाली का गं तुझी नदी?” त्यांना प्रत्येक नकाशा नदीचाच वाटायचा. “झाली, आई,” ती म्हणायची, शाईचं पेन पुसून ठेवायची आणि त्यांना उठवायला आत जायची. महिन्याला एखादा नकाशा व्हायचा. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तिची सही घालता येत नव्हती. मास्तर स्वतःची घालायचे, आणि प्रत्येक वेळी ओशाळायचे.

सासूबाई गेल्या, रेघताई परत आली. तीन वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. जाताना त्यांनी तिचं नाव लिहून दिलं होतं, पण सेवेत खंड निघाला आणि खुर्ची दुसऱ्याला गेली, त्याच त्या भोपळा काढणाऱ्याला. माणूस वाईट नव्हता. अठरा वर्षं त्यानं खुर्ची सांभाळली, रेघताईला विचारल्याशिवाय एक कागद पुढे पाठवला नाही. ज्या दिवशी त्याची ऑर्डर निघाली, त्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं. मुलंही काही बोलली नाहीत, म्हणजे त्यांना बापानं खुणावलं असावं.

आता तो निवृत्त झाला होता, आणि पेन्सिलच्या वाटेत तोच दगड येऊन पडला होता.

त्याच सुमारास कचेरीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. वरून परिपत्रक आलं : महिला कर्मचाऱ्यांची वाटचाल चित्ररूपानं मांडावी. नव्यानं आलेली कल्याण अधिकारी, हौशी मुलगी, कागदाचे नमुने घेऊन रेघताईकडे धावली. नमुन्यावर जिना होता. जिन्यावर पर्स घेतलेली हसरी बाई, वर उगवता सूर्य.

“ताई, तुमचा हात चांगला आहे. अशा सोळा जणी काढायच्या. वरच्या पायरीवर हुद्दा लिहायचा.”

रेघताईनं चित्र लांब धरून पाहिलं. “हिच्या कडेवर कोण आहे?”

“कोणी नाही.”

“दुसऱ्या हातात पिशवी?”

“नाही... पर्स आहे.”

“मग ही आमच्यातली नव्हे,” रेघताई म्हणाली. “कागद तेवढा ठेवून जा. मला येतं तसं काढते.”

तिला येत होते ते नळाचे नकाशे. तिनं माळ्यावरून जुना बोर्ड काढला, पुसला, मोठा कागद ताणून बसवला. आडवी पन्नास वर्षं आखली. कचेरीत आजवर कायम झालेल्या बायका सोळाच होत्या; प्रत्येकीला एक नळ दिला. रुजू झाली तिथून रेघ सुरू, बढती मिळाली तिथं नळ रुंद, बदली झाली तिथं वळण, निवृत्ती तिथं टोपण. फाईलकाकांकडून सोळा सेवापुस्तिका मागून आणल्या आणि शिस्तीत उतरवल्या. खंड होता तिथं रेघ थांबवली, जागा कोरी सोडली. मुळात नाही ते उमटवायचं नाही.

आठवड्याभरानं कच्चा नकाशा तयार झाला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली बाई बघायला आली. मोठ्या तोंडाची, मोठ्या मनाची. स्वतःचा नळ तिनं बोटानं शोधला, बोट सरकवत नेलं आणि मध्येच थांबली.

“ताई, इथं मी मेले होते का गं?”

रेघताई हसली. तिनं नकाशा पुन्हा पाहिला. सोळापैकी अकरा नळ मध्येच तुटलेले. असा नकाशा एखाद्या इंजिनिअरनं दिला असता, तर तिनं तो परत पाठवला असता. तुटलेल्या नळातून पुढे पाणी जातं कसं? आणि पाणी तर जात होतं. तपासनीसबाई परत आल्या दिवसापासून कामाला लागली होती, पेन्सिल लागली होती, ती स्वतः लागली होती. म्हणजे मूळच संशयास्पद होतं.

मग ती जागेवर गेली. दुपारची सुट्टी, संध्याकाळ, रविवार, मिळेल तो वेळ घेऊन वही हातात धरून ती एकेकीकडे गेली आणि एकच विचारलं, “त्या वर्षांत काय करत होतीस?” तपासनीसबाई म्हणाली, “जुळी. आणखी काय सांगू?” आणि मग तासभर सांगत बसली. तेवढ्या काळात तिनं रसायनाची परीक्षाही दिली होती. पाळण्याची दोरी पायाला बांधून अभ्यास करायची. टेलिफोनवरची हॅलोमावशी निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, तिनं समोरासमोर बसूनही प्रत्येक वाक्य “हॅलो” म्हणूनच सुरू केलं. झाडलोट करणाऱ्या दोघी जावा म्हणाल्या, “आमचा नळ बघितला आम्ही. अठ्ठावीस वर्षं सरळच्या सरळ. कुठं रुंद नाही, कुठं वळण नाही. बरोबर काढलंस बाई, अगदी बरोबर.” रेघताईला त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही.

पेन्सिल मात्र बोलेना.

“माझं नका काढू, ताई. लोक म्हणतील, खुर्चीसाठी केलं.”

“लोक तू खुर्चीत बसलीस तरी बोलतील आणि स्टुलावर बसलीस तरी बोलतील. मग खुर्चीत बसून ऐक की.”

“पण मी काही केलंच नाही त्या तीन वर्षांत. दवाखान्याच्या बाकावर बसून होते नुसती.”

“आणि फोन?”

“कसले फोन?”

तिला खरंच आठवत नव्हतं. आठवलं ते किल्लीदादाला. हा वॉल्व्हमन, खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी किल्ली टाकून शहरभर फिरणारा. रेघताई त्याच्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला, “बाईंना फोन केल्याशिवाय मी वॉल्व्ह शोधलाय का कधी? रजेवर असल्या म्हणून नळ फुटायचे थांबतात काय?” आणि त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या आपल्या रोजवह्या काढल्या. रेघताई दोन संध्याकाळ त्या वाचत बसली. त्या तीन वर्षांत पेन्सिलला केलेल्या फोनच्या नोंदी निघाल्या एकवीस.

कचेरीत परत आल्यावर तिनं अकराही कोऱ्या जागांमध्ये तुटक रेघा भरल्या. नकाशा काढणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. भिंतीआडचा, जमिनीखालचा, या बाजूनं न दिसणारा भाग तुटक रेघेनं दाखवतात. वस्तू आहे, इथून दिसत नाही, इतकंच. प्रत्येक तुटक रेघेला तिनं आकडा दिला आणि खाली त्या आकड्याची टीप लिहिली, आपल्या जुन्या, ताठ अक्षरात.

नकाशा जिन्यासमोरच्या भिंतीवर लागला. कार्यक्रमाच्या सकाळी तिथं बायकांची ही गर्दी. जी ती आपला नळ शोधत होती, शेजारणीचा वाचत होती. “तू परीक्षा दिली होतीस? बोलली नाहीस कधी.” “कुणी विचारलं?” असं चाललं होतं. हॅलोमावशी नातवाच्या गाडीतून मुद्दाम आली होती. तिचा नळ जिथं टेलिफोनचा बोर्ड काढून टाकला तिथं अरुंद होत गेला होता. त्या जागेवर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

मोठे साहेब दोन मिनिटांसाठी आले. त्यांना फीत कापून पुढे जायचं होतं. पण माणूस ड्रॉइंग बोर्डावरून वर चढलेला. नकाशा दिसला की हात पाठीमागे जातात आणि मान पुढे. ते डावीकडून वाचत निघाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सातव्या तुटक रेघेपाशी थांबून त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं, “इथं खाली काय आहे?”

“टीप सात, साहेब,” रेघताई म्हणाली.

साहेब वाकून वाचू लागले. “रोजवही कुठंय?”

किल्लीदादा पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभाच होता. साहेबांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, “‘सकाळी सहा. बाजाराचा नळ फुटला. वॉल्व्ह सापडेना. पेन्सिलबाईंना दवाखान्यात फोन लावला. बाई म्हणाल्या, तिसऱ्या खांबापासून चार पावलं, पण तुमची नव्हेत, माझी. बाईंच्या मापाची टाकली. सापडला.’”

सगळे हसले. पेन्सिल जिन्याच्या कठड्याला टेकून खाली बघत राहिली.

“साहेब, हे सेवापुस्तिकेत नाही,” फाईलकाका मागून म्हणाले.

“मग लावा. तुम्हीच कागद मागत होता ना?”

फाईलकाकांनी वही हातात घेतली, तारखा बघितल्या, पान उलटलं, पुन्हा तारखा बघितल्या. “कागद असला की माझी काय हरकत? माझी हरकत कधीच नव्हती. हरकत कागदाची होती.”

साहेब पुढे सरकणार होते, पण त्यांची नजर वरच्या ओळीत परत गेली. टीप तीन. त्यात एवढंच होतं : या काळातले एकसष्ट नकाशे वरच्या कपाटात आहेत. अक्षर पाहावे. त्यांनी टीप वाचली, मग टिपेचं अक्षर बघितलं, मग रेघताईकडे.

“मी ते नकाशे घेऊन साइटवर फिरलोय,” ते म्हणाले. “म्हातारपणी मास्तरांचं अक्षर एवढं सुधारलं कसं, याचं नवल वाटायचं मला.” मग हळू आवाजात म्हणाले, “तुमच्यासाठी आता काही करता येणार नाही, ताई.”

“माझ्यासाठी मी काही मागत नाही, साहेब. सातवं तेवढं बघा.”

ऑर्डर निघायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत पेन्सिल दोनदा फाईलकाकांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आली, रेघताई रोज जायची, काही न विचारता नुसतं “बरं आहे ना?” म्हणून यायची. शेवटी फाईलकाका म्हणाले, “ताई, माझी तब्येत उत्तम आहे. ऑर्डर सोमवारी निघेल.”

सोमवारी निघाली. खंड माफ, पेन्सिल मुख्य आरेखक. नकाशाखोलीत पेढे-बिढे काही झाले नाहीत, कारण त्याच दिवशी टाकीचं काम अडलं होतं आणि सगळे मान खाली घालून बसले होते. पेन्सिल मोठ्या खुर्चीत बसली, खुर्ची तिला दोन्ही बाजूंनी मोठी होत होती. मग खुर्ची बाजूला सारून तिनं आपलं जुनं स्टूल तिथं ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी रेघताई घरी आली, चपला काढल्या आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

“अहो, आज मला बोलणी बसली.”

निवृत्त होऊन वर्तमानपत्रात बुडालेल्या नवऱ्यानं वर पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“कुणी बोललं?”

“नव्या मुख्य आरेखकांनी. टाकीचा नकाशा परत पाठवला. लाल खूण करून. मी उत्तर दिशेचा बाण घालायचा विसरले.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. ‘ताई, बाण कुठंय?’ म्हणाली. कान लाल झाले होते तिचे, पण म्हणाली.”

“मग?” नवऱ्यानं सावधपणे विचारलं.

“मग काय. घातला बाण. बरोबर होतं तिचं,” रेघताई म्हणाली, आणि हसत हसत स्वयंपाकघरात गेली.